प्रत्यारोपणानंतरचा पहारा

(बदलापूर येथे झालेल्या स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



 मी पॅथॉलॉजीचा डॉक्टर. माझा दिवस सूक्ष्मदर्शकापुढे जातो, रुग्णांपुढे कमी. तरीही आजचा विषय मी मुद्दाम निवडला, कारण त्याचा निकाल काचेच्या पट्टीवर लागत असला, तरी त्याची सुरुवात आपल्या घरांत आणि आपल्या गल्लीतल्या दवाखान्यांत होते.

किडनी, लिव्हर, हृदय किंवा बोनमॅरोचं प्रत्यारोपण झाल्यावर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, थोड्या रुग्णांच्या अंगात लसिकापेशींची बेसुमार वाढ होते. मानेत, काखेत, पोटात, आतड्यात, कधी मेंदूत, तर कधी नव्याने बसवलेल्या अवयवातच गाठी होतात. त्यांतल्या काही सौम्य असतात, काही म्हणजे सरळ सरळ लिम्फोमा, लसिकापेशींचा कर्करोग. या सगळ्या गटाला डॉक्टर ‘पीटीएलडी’ म्हणतात. किडनीच्या रुग्णांत तो साधारण शंभरात एखाद-दोघांना होतो. हृदय आणि फुप्फुसाच्या रुग्णांत त्याहून जास्त आणि आतड्याच्या प्रत्यारोपणात सगळ्यांत जास्त. आकडा लहान आहे. पण 2013 साली देशात वर्षाला 5 हजारांच्या आत होणारी अवयव प्रत्यारोपणं 2023 साली 18 हजारांच्या वर गेली. ही माणसं जगतात, नोकरीला जातात, लग्नकार्यात वावरतात. ती मुंबईत परळच्या मोठ्या रुग्णालयांत राहत नाहीत. आपल्या सोसायटीत, आपल्या मजल्यावर राहतात.

प्रत्यारोपण झालेल्या माणसाची सकाळ कशी असते, ते आधी बघा. त्याला ‘लेव्हल’ द्यायला जायचं असतं. म्हणजे रक्तात टॅक्रोलिमस नावाचं औषध किती आहे, ते मोजायचं असतं. रात्रीची गोळी घेतल्यावर साधारण 12 तासांनी आणि सकाळची गोळी घ्यायच्या आधी हे रक्त काढावं लागतं. म्हणून बदलापूरचा रुग्ण सकाळची गोळी न घेताच लोकल पकडतो. गोळी शर्टाच्या खिशात, पाण्याची बाटली पिशवीत, जुन्या रिपोर्टांची फाइल छातीशी. परळला उतरायचं, रांगेत उभं राहायचं, रक्त द्यायचं, आणि मग तिथल्याच बाकावर बसून गोळी घ्यायची. चुकून घरीच गोळी घेतली, तर आकडा खोटा येतो आणि खेप वाया जाते. या आकड्याला एवढं महत्त्व का, हे कळलं की आजचा अर्धा विषय कळला.

आपल्या शरीरात टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी अहोरात्र पहारा देतात. परकं काही दिसलं की त्या तुटून पडतात. आईची किडनी मुलाला बसवली, तरी त्या पहारेकऱ्यांच्या लेखी ती परकीच. म्हणून टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन, मायकोफेनोलेट, स्टेरॉइड अशी औषधं देऊन हा पहारा मुद्दाम सैल करावा लागतो. लेव्हल कमी पडली, तर शरीर अवयव नाकारतं. जास्त झाली, तर पहारा फारच सैल होतो आणि एरवी दबून राहणारे शत्रू डोकं वर काढतात.

त्यांतला एक शत्रू बहुतेक आपल्या सगळ्यांच्या अंगात आहे. त्याचं नाव एपस्टाइन-बार विषाणू. त्याच्या शोधाची हकीकत ऐकण्यासारखी आहे. डेनिस बर्किट नावाचे आयरिश सर्जन युगांडात कंपाला इथे काम करत होते. तिथल्या लहान मुलांच्या जबड्यात झपाट्याने वाढणाऱ्या गाठी त्यांनी पाहिल्या, आणि 1961 च्या मार्चमध्ये लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलात त्यावर व्याख्यान दिलं. श्रोत्यांत अँथनी एपस्टाइन होते. या गाठींमागे विषाणू असेल, असं त्यांच्या मनाने घेतलं. युगांडातून विमानाने गाठींचे तुकडे येऊ लागले. दोन-अडीच वर्षं हाती काही लागलं नाही. 1963 च्या डिसेंबरात धुक्यामुळे एक विमान लंडनऐवजी मँचेस्टरला उतरलं. नमुना उशिरा पोचला तेव्हा बाटलीतलं पाणी गढूळ झालेलं होतं. जंतू शिरले असतील असं वाटून तो फेकून देणं सोपं होतं. एपस्टाइननी ते पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, तर त्यात गाठीतून सुट्या झालेल्या जिवंत पेशी तरंगत होत्या. त्या पेशी प्रयोगशाळेत वाढल्या आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यात विषाणू दिसला. 1964 साली एपस्टाइन, बर्ट अचाँग आणि इव्होन बार यांनी तो जगापुढे ठेवला.

हा विषाणू लाळेतून पसरतो. आपल्याकडे बहुतेक मुलांना तो पहिल्या काही वर्षांतच गाठतो. साध्या तापासारखा येतो, आणि मग बी-पेशी नावाच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशींत जन्मभर मुक्काम ठोकतो. या बी-पेशी वाढू लागल्या की टी-पेशी त्यांना आवरतात. पहारा सैल झाला की त्यांना आवरायला कोणी उरत नाही.

या आजाराचे पहिले इशारे 1968-69 साली आले. मुंबईत 1968 च्या फेब्रुवारीत केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय प्रत्यारोपण केलं, ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसाच्या हृदयाचं पहिलं प्रत्यारोपण केल्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत. रुग्ण काही तासच जगला. तेव्हा साऱ्या जगाचं लक्ष बसवलेला अवयव टिकतो की नाही, याकडेच होतं. पण त्याच सुमारास अमेरिकेत डेन्व्हरमध्ये, यकृत प्रत्यारोपणाचे आद्य शल्यविशारद थॉमस स्टार्झल यांचे सहकारी इस्रायल पेन यांनी किडनी बसवलेल्या रुग्णांत झालेल्या लिम्फोमाच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. पुढे पेन यांनी अशा रुग्णांची नोंदवही आयुष्यभर चालवली. मग 1984 साली स्टार्झल आणि सहकाऱ्यांनी एक निरीक्षण मांडलं आणि या आजाराकडे बघण्याची दृष्टीच बदलली. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी केली, तर यांतल्या काही गाठी आपोआप विरतात. केमोथेरपी नाही, शस्त्रक्रिया नाही. टी-पेशींना त्यांचं काम परत दिलं, आणि गाठ ओसरली. कर्करोगाच्या अभ्यासात अशी उदाहरणं फार थोडी आहेत.

त्याच वर्षी एका मुलाच्या मृत्यूने दुसरा धडा दिला. अमेरिकेतल्या टेक्ससमध्ये डेव्हिड व्हेटर नावाचा मुलगा जन्मतःच प्रतिकारशक्तीशिवाय आला होता, आणि जंतुविरहित प्लास्टिकच्या कक्षात वाढला होता. 1983 च्या ऑक्टोबरात त्याला बहिणीची बोनमॅरो दिली. 22 फेब्रुवारी 1984 ला, वयाच्या बाराव्या वर्षी तो गेला. शवविच्छेदनात शरीरभर बी-पेशींच्या गाठी सापडल्या. बहिणीच्या मॅरोबरोबर एपस्टाइन-बार विषाणू त्याच्या अंगात शिरला होता, आणि त्याला आवरायला डेव्हिडपाशी टी-पेशीच नव्हत्या. प्रेमाने दिलेल्या दानातून आजार आला. यात बहिणीचा दोष शून्य. दोष तेव्हाच्या आपल्या अज्ञानाचा. आज बोनमॅरो प्रत्यारोपणानंतर अनेक केंद्रांत रक्तातल्या या विषाणूचं प्रमाण ठरावीक अंतराने मोजतात, ते वाढू लागलं तर गाठ होण्याआधीच औषध देतात. त्यामागे डेव्हिडसारख्या रुग्णांचं ऋण आहे.

बोनमॅरोचा विषय उल्हासनगरच्या अगदी दाराशी आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींत आसरा मिळाला, आणि 8 ऑगस्ट 1949 ला त्या छावणीचं उल्हासनगर झालं. कॅम्प नंबर एक ते पाच आजही पत्त्यात आहेत. या मंडळींनी शून्यातून शहर उभं केलं. पण वाडवडिलांकडून येणारा थॅलेसेमियाचा दोषही त्यांच्या सोबत होता. देशात बीटा थॅलेसेमियाचे वाहक सरासरी शंभरात तीन-चार आहेत. सिंधी समाजात हे प्रमाण त्याहून बरंच जास्त आहे. पंजाबी, लोहाणा, भानुशाली समाजांतही ते जास्त सापडतं. आई आणि वडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ थॅलेसेमिया मेजर असण्याची शक्यता चारात एक. असं मूल दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त घेत वाढतं. त्यातून कायमची सुटका करणारा, आपल्याकडे रुळलेला उपचार म्हणजे बोनमॅरो प्रत्यारोपण. सख्ख्या भावंडाशी मॅरो जुळण्याची शक्यताही चारात एकच.

भारतातलं पहिलं बोनमॅरो प्रत्यारोपण 1983 च्या मार्चमध्ये मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं. अडवाणी स्वतः कराचीत जन्मलेले, फाळणीनंतर इकडे आलेल्या कुटुंबातले, लहानपणी पोलिओने पाय गेलेले. तेव्हाची रुग्ण रक्ताच्या कर्करोगाची होती, थॅलेसेमियाची नव्हती. पण ती वाट तिथे खुली झाली. आता कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून अशा प्रत्यारोपणाला 10 लाखांपर्यंत मदत मिळते. मॅरो न जुळणाऱ्या मुलांना आई किंवा वडिलांची अर्धी जुळणारी मॅरो देण्याचे प्रयोगही होत आहेत. अशा वेळी पहारा जास्त काळ आणि जास्त जोराने दाबावा लागतो, म्हणून पीटीएलडीची शक्यता वाढते. बोनमॅरोनंतर हा आजार बहुधा पहिल्या सहा महिन्यांत येतो. किडनी-लिव्हरच्या रुग्णांत त्याचे दोन हंगाम असतात: एक पहिल्या वर्षात आणि दुसरा अनेक वर्षांनी, सगळे निर्धास्त झाल्यावर. उशिरा येणाऱ्या गाठींत पुष्कळदा हा विषाणू सापडतही नाही.

लहान मुलांचं सांगायचं तर, ज्या बाळाला हा विषाणू अजून भेटलेलाच नाही, त्याला आईच्या लिव्हरचा तुकडा बसवला, तर आईच्या पेशींतून तो पहिल्यांदाच शिरतो, आणि तोही पहारा सैल असताना. म्हणून मुलांना धोका मोठ्यांहून अधिक. प्रत्यारोपण झालेलं मूल अचानक घोरू लागलं, टॉन्सिल सुजले, मानेत गाठी आल्या, तर ‘सर्दीचा मोसम आहे’ म्हणून सोडून देऊ नका.

आता मी ज्याच्यासाठी खास आलो, त्या मुद्द्याकडे वळतो. इथल्या डॉक्टरमित्रांनी हे कान देऊन ऐकावं, ही विनंती.

आपल्याकडे मानेत गाठ, संध्याकाळचा ताप, घटलेलं वजन, रात्रीचा घाम एवढं एकत्र आलं की मनात पहिला शब्द येतो टीबी. तो येणं बरोबरच आहे. आपल्या भागात टीबी आहे, आणि प्रतिकारशक्ती दाबलेल्या रुग्णांत तर जास्तच. पण पीटीएलडीची लक्षणंही हीच. गाठीची तपासणी न करता ‘एकेटी (टीबीची औषधं) चालू करू या, महिन्याभरात कळेल’ असं केलं, तर दोन अनर्थ एकदम होतात. पहिला उघड आहे: लिम्फोमा असेल तर तो महिनाभर मोकळा वाढतो. दुसरा कमी माहीत असलेला. एकेटीमधलं रिफाम्पिसिन यकृताला टॅक्रोलिमस झपाट्याने मोडून टाकायला लावतं. लेव्हल कोसळते, आणि आईने दिलेली किडनी नाकारली जाऊ शकते. उलट काही बुरशीवरची औषधं आणि क्लॅरिथ्रोमायसिनसारखी प्रतिजैविकं लेव्हल एकदम वर नेतात. म्हणजे साध्या खोकल्यासाठी लिहिलेली चिठ्ठीसुद्धा या रुग्णाच्या बाबतीत साधी नसते.

मग करायचं काय? शक्य असेल तिथे अख्खी गाठ काढून तपासायची. सुईने ओढलेल्या चार थेंबांवर या आजाराचा निकाल देता येत नाही, कारण पेशी कशा दिसतात याइतकंच त्या एकमेकींशी कशा रचलेल्या आहेत, हेही बघावं लागतं. आणि काढलेल्या गाठीचे दोन भाग करायचे: एक फॉर्मलिनमध्ये आमच्याकडे, दुसरा सलाइनमध्ये, सीबीनॅट या टीबीच्या जलद तपासणीसाठी आणि टीबीच्या कल्चरसाठी. सगळी गाठ फॉर्मलिनमध्ये बुडवली, तर टीबीचे जंतू वाढवून बघायची वाट बंद होते. शस्त्रक्रियागृहात दोन बाटल्या ठेवणं, एवढीच ही सुधारणा आहे.

पट्टीवर मला काय दिसतं, तेही सांगतो. निरोगी लसिका ग्रंथीत बी-पेशींचे गोलाकार पुंजके असतात, त्यांच्या मधल्या जागेत टी-पेशी. सौम्य पीटीएलडीमध्ये ही मांडणी ताणलेली, पण शाबूत असते. पुढच्या पायरीवर ती मोडते, आणि लहान-मोठ्या, तऱ्हेतऱ्हेच्या पेशींची सरमिसळ होते. शेवटच्या पायरीवर एकाच वळणाच्या मोठ्या पेशींचा थरच्या थर पसरतो. मग विषाणू शोधणारी ‘ईबर’ तपासणी करतो. विषाणू असेल, तर एकामागून एक केंद्रकं गडद होत जातात, आणि प्रत्यारोपणाचा इतिहास कागदावर असेल तर निदान स्पष्ट होतं. कागदावर तो नसेल, तर तीच गाठ वेगळ्या नावाने नोंदली जाण्याची भीती असते. म्हणून माझ्या व्यवसायबंधूंच्या वतीने मागणं आहे: नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर ‘किडनी प्रत्यारोपण, अमुक साल, अमुक औषधं’ एवढी एक ओळ लिहा.

निदान झाल्यावर निराश व्हायचं कारण नाही. पहिलं पाऊल म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी करणं. पण हे मी ठासून सांगतो: ती कमी करायची प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांनीच. घरी, स्वतःच्या मनाने, एकही गोळी बंद करायची नाही. पहारा परत आणताना अवयव वाचवायचा असतो, आणि तो तोल लेव्हल बघत साधावा लागतो. नुसतं एवढं पुरलं नाही, तर बी-पेशींवरच्या सीडी-20 या खुणेला धरून मारा करणारं रिटुक्सिमॅब देतात. 2007 साली डॉ. रेड्डीजने हे औषध भारतात बनवून बाजारात आणलं आणि ते पुष्कळ कुटुंबांच्या आवाक्यात आलं. युरोपातल्या मोठ्या अभ्यासांतून ठरलेली पद्धत अशी: आठवड्याला एक याप्रमाणे चार मात्रा द्यायच्या, मग स्कॅन करून बघायचं. गाठी पूर्ण विरल्या असतील, तर रिटुक्सिमॅबवरच पुढे जायचं. नसतील तर केमोथेरपी जोडायची. म्हणजे केमोचा त्रास ज्याला गरज आहे, त्यालाच. आणि 2022 च्या डिसेंबरात युरोपात एका नव्या उपचाराला मान्यता मिळाली: निरोगी दात्यांच्या, याच विषाणूला ओळखणाऱ्या टी-पेशी प्रयोगशाळेत तयार ठेवायच्या आणि जुळणाऱ्या रुग्णाला द्यायच्या. ज्याचा पहारा आपण काढून घेतला, त्याला दुसऱ्याचे पहारेकरी उसने द्यायचे.

आता उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या आपल्या तीन शहरांकडे येऊ. अंबरनाथला 2024 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. छाया रुग्णालय, उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय, गल्लोगल्लीचे फॅमिली डॉक्टर आणि लॅब, एवढं बळ आपल्यापाशी आहे. प्रत्यारोपण इथे होत नसलं, तरी त्यानंतरची वर्षं इथेच जातात. माझी सूचना अगदी साधी आहे. प्रत्यारोपण झालेल्या प्रत्येकाने पाकिटात एक कार्ड ठेवावं: कोणता अवयव, कोणत्या साली, कोणती औषधं, आणि प्रत्यारोपण समन्वयकाचा फोन. आणि इथल्या प्रत्येक डॉक्टरने असा रुग्ण समोर आला की औषध लिहिण्याआधी तो फोन लावावा. दोन मिनिटांचं काम आहे.

कुटुंबांनी काय बघायचं? दोन आठवड्यांहून जास्त टिकणारा ताप. काखेत किंवा जांघेत अवधाण आलं, पण हाता-पायाला जखम नाही. कारण नसताना घटणारं वजन. वारंवार पोटदुखी, शौचातून रक्त. बोलण्या-वागण्यातला बदल. प्रत्यारोपणाला दहा वर्षं झाली म्हणून यातलं काहीही दुर्लक्ष करण्याजोगं होत नाही. आणि उल्हासनगरच्या तरुण-तरुणींना एक वेगळं सांगणं: लग्नाआधी, निदान पहिल्या गरोदरपणाच्या सुरुवातीला, आपण थॅलेसेमियाचे वाहक आहोत का, हे सांगणारी एचबी ए-टूची तपासणी करून घ्या. ती एकदाच करायची असते, आणि तिच्यामुळे एका मुलाचं सारं आयुष्य रक्तपेढीच्या फेऱ्यांपासून वाचू शकतं. वाहक असणं हा आजार नाही आणि कलंक तर मुळीच नाही.

आपल्या देशात जिवंत दात्यांत बायका पुरुषांहून कितीतरी जास्त आहेत. आई देते, बायको देते, बहीण देते. शिवाय, घरचा माणूस ब्रेनडेड झाल्यावर डोळ्यांतलं पाणी पुसून दानाच्या कागदावर सही करणारी कुटुंबंही आहेत. त्या दानाची किंमत शस्त्रक्रियेच्या दिवशी फिटत नाही. मेलेल्या किंवा जिवंत दात्याने आपल्या अंगातला अवयव काढून दिला. त्या अवयवासाठी शरीराचा पहारा आपण सैल केला. तेव्हा उरलेला पहारा देणं हे घरच्यांचं, शेजारच्या डॉक्टरचं, लॅबमध्ये बसलेल्या माझं, आपल्या सगळ्यांचं कर्तव्य ठरतं. प्रत्यारोपण यशस्वी झालं का, याचं उत्तर पहिल्या डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं नसतं. ते पाच, दहा, पंधरा वर्षांनी, उल्हासनगरच्या किंवा बदलापूरच्या एखाद्या दवाखान्यात, गाठीवर बोट ठेवून डॉक्टर फोन उचलतो की एकेटीची चिठ्ठी लिहितो, यावर ठरतं.

तो फोन उचलला जावा, एवढ्याचसाठी आजचं हे बोलणं.